पाहुण्याने किती बोलावं? यान गार्बारेकविषयी तुमची पत्रं

मागच्या अंकात नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक याच्याबद्दल पानभर लिहिलं होतं. जॅझमधून आलेला हा माणूस सोळाव्या शतकातलं चर्चगायन, ट्युनिशियाचा ऊद, ब्राझीलची गिटार, पतियाळा घराण्याचा ख्याल, आपला तबला अशा सगळ्यांच्या सोबतीने रेकॉर्ड करत आला. दुसऱ्याच्या घरी तो पाहुण्यासारखा जातो, पण दोन सुरांत ओळखू येतो, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर पत्रं बरीच आली. कौतुकाची बाजूला ठेवली आहेत, त्यांना उत्तर देण्यासारखं काही नसतं. चिडलेली आणि खरोखर काही विचारणारी खाली घेतली आहेत.

प्रश्न : फ्युजनच्या नावाने तुम्ही या सदरात कायम नाक मुरडता. मग चार पुरुष लॅटिन स्तोत्र गात असताना वर कोणी सॅक्सोफोन वाजवतो, त्याचं एवढं कौतुक कशासाठी? तेही फ्युजनच की! (गाणं शिकणारी एक वाचक)

मुरडते, कबूल. बहुतेक फ्युजनमध्ये राग अर्धा उरतो, जॅझ पाव उरतं आणि खाली ड्रमचा ठेका ठोकून दोघांची मोट बांधलेली असते. तुम्ही म्हणता त्या लॅटिन स्तोत्रांच्या रेकॉर्डमध्ये, 'ऑफिसियम'मध्ये, ती मोट नाही, कारण ठेकाच नाही. आणि गाणाऱ्यांनी आपलं काहीही सोडलेलं नाही.

ही रेकॉर्ड सप्टेंबर १९९३ मध्ये ऑस्ट्रियातल्या सांक्ट गेरोल्ड या मठात झाली आणि १९९४ मध्ये म्युनिकच्या ईसीएम कंपनीने काढली. कल्पना कंपनीच्या मानफ्रेड आयशरची. गाणारे हिलियर्ड ऑन्साम्बलचे चौघे, एक काउंटरटेनर, दोन टेनर, एक बॅरिटोन. युरोपातल्या जुन्या गाण्यात पुरते मुरलेले. सुरुवातीचाच तुकडा घ्या, 'पार्चे मिही दोमिने'. स्पेनच्या क्रिस्तोबाल दे मोरालेसची ही सोळाव्या शतकातली रचना मृतांसाठीच्या प्रार्थनेत म्हणायची आहे. शब्द बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातले, 'प्रभो, मला सोड, माझे दिवस ते काय' अशा अर्थाचे. चारही आवाज एकेक अक्षर एकदम उच्चारत पुढे सरकतात. तान नाही, पलटा नाही, एकाने दुसऱ्याचा पाठलाग करणं नाही. मोरालेसने लिहिलेल्या सुरांना कोणी बोट लावलेलं नाही. सॅक्सोफोनचा सूर मात्र त्याच्या कागदावर कुठेच नाही, तो सगळा गार्बारेकचा, तिथल्या तिथे सुचलेला.

तुम्ही गाणं शिकता, म्हणून एक सुचवते. हा तुकडा या रेकॉर्डवर तीनदा आहे. पहिल्यांदा आणि शेवटी सॅक्सोफोनसह, मध्ये एकदा नुसते गळे. तो मधला आधी ऐका, दोनदा ऐका. चौघांचा श्वास कुठे पडतो, कुठल्या अक्षरावर सुरांची जोडणी बदलते, हे कानात बसू द्या. मग पहिला लावा. गार्बारेक कधी चौघांच्या डोक्यावरून निघून जातो, कधी एकाच आवाजाच्या खांद्याला खांदा लावून चालतो, कधी ओळ संपल्यावर एकटा मागे रेंगाळतो. आणि बऱ्याच ठिकाणी तो नुसता थांबलेला असतो. ख्यालाच्या साथीला बसलेला चांगला सारंगिया गायकाची जागा कशी सोडतो, ते तुम्ही वर्गात पाहिलंच असेल. फरक एवढाच की सारंगिया गायकाचं बोलणं परत म्हणतो आणि गार्बारेक ते परत म्हणत नाही, स्वतःचं सांगतो. ते गाण्याच्या आड येत नाही, यातच सगळं कसब आहे.

जुन्या संगीताच्या शुद्धतावाद्यांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. रेकॉर्ड दहा लाखांच्या वर खपली. त्यातले कित्येक जण ती झोप यावी म्हणून लावत असतील, लावोत बापडे.

पुढच्या रेकॉर्डविषयी थोडक्यात. १९९९ ची 'म्नेमोसिनी' दोन सीडींची आहे, त्यात डेल्फीच्या ग्रीक स्तोत्रापासून लोकगीतांच्या तुकड्यांपर्यंत सगळं आहे आणि मला ती पसरट वाटते. २०१० ची 'ऑफिसियम नोव्हुम' आर्मेनियाकडे वळते, तिथल्या कोमितास या संगीतकाराकडे. ती जास्त घट्ट आहे. २०१४ च्या अखेरीस हिलियर्डचे लोक थांबले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बेलिंझोनाच्या चर्चमध्ये झालेली त्यांची मैफल २०१९ मध्ये आली.

प्रश्न : झाकीरभाईंबरोबर त्याचं काम झालंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. तबलजीने त्यात नेमकं काय ऐकावं? (तबला शिकवणारे एक वाचक)

दोन रेकॉर्ड आहेत. १९८५ ची 'साँग फॉर एव्हरीवन' ही एल. शंकर यांची. त्यांचं दहा तारांचं जोड-व्हायोलिन, झाकीर हुसेन तबल्यावर आणि कोंगांवर, त्रिलोक गुर्टू इतर तालवाद्यांवर. दुसरी 'मेकिंग म्युझिक', १९८६ च्या डिसेंबरात ऑस्लोत ध्वनिमुद्रित झालेली आणि १९८७ मध्ये आलेली. तिच्यात झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅकलॉफ्लिन आणि गार्बारेक. ही चार नावं वाचूनच लोक ती रेकॉर्ड घेतात.

स्पष्ट सांगते, 'मेकिंग म्युझिक' गार्बारेकसाठी ऐकायची नाही. गिटारवादक मॅकलॉफ्लिनने झाकीरबरोबर 'शक्ती' या संचात घाम गाळलेला होता, दोघांचे लयीचे हिशेब पक्के. गिटारने एक आकडा टाकला की तबला तो उचलतो, तिथे तुमची करमणूक भरपूर आहे. गार्बारेक या देवघेवीत उतरतच नाही. तिहाईच्या शर्यतीत तो भाग घेत नाही, समेला धरून उडीही मारत नाही. शिवाय शेजारी चौरसियांची बासरी. दोन्ही वाद्यं फुंकेची, दोन्ही वरच्या पट्टीत रमणारी. अशा वेळी समजूतदार माणूस कमी वाजवतो, तसंच त्याने केलं. पाहुणा म्हणून वागणं चोख आहे, पण माझं मन त्या रेकॉर्डमध्ये फक्त तबला आणि गिटार यांच्यातच गुंततं.

तबलजीने 'साँग फॉर एव्हरीवन' ऐकावी. तिथे शंकर यांचं व्हायोलिन खालच्या तारांवर चेलोसारखं बोलतं, त्यामुळे वरची जागा मोकळी राहते. सॅक्सोफोनची सुरावट लांब, सरळ, जवळजवळ गाण्यासारखी असते आणि खाली दोघे जण तिचे बारीक तुकडे करत असतात. वर काहीच घाई नाही आणि खाली एवढी लगबग, तरी दोन्हींची लय एकच आहे. विद्यार्थ्यांना विलंबितात भरणा कसा असावा हे समजावताना उपयोगी पडेल.

त्रिलोक म्हणजे शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुढे ते गार्बारेकच्या मैफलींत त्याच्या संचाबरोबर फिरले. जमिनीलगत बसून वाजवायचा त्यांचा तो खास मांडलेला संच, घुंगरं, घंटा, पाण्याच्या बादलीत बुडवून वर काढलेली झांज, तिचा खाली घसरत जाणारा नाद. हे सगळं गार्बारेकच्या सरळ रेघेशेजारी फार शोभतं.

प्रश्न : गवयाचा सा काळी एकचा असला तर सॅक्सोफोनवाला काय करतो? पेटीवर आम्ही बोटं सरकवतो. त्याला ते जमतं का? आणि मींड? चाव्यांच्या वाद्यावर मींड कशी निघेल? (पेटीची साथ करणारे एक वाचक)

या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न. सोप्रानो आणि टेनर सॅक्सोफोन, गार्बारेकची दोन्ही मुख्य वाद्यं, अशी बनवलेली असतात की त्यांच्यावर सगळ्यात साधी सरगम लावली की ऐकू येणारा सा काळी पाचचा असतो. तुम्हाला काळी एक हवी असेल तर त्याला आपल्या बोटांच्या हिशेबाने काळी दोनपासून सुरुवात करावी लागते. प्रत्येक पट्टीत बोटांची ठेवण निराळी, म्हणजे सगळ्या पट्ट्या घोटलेल्या असल्याशिवाय गत्यंतर नाही. जॅझवाल्यांना त्याची सवय असते, तो काही चमत्कार नव्हे.

मींड हा मात्र वेगळा मामला. चावी भोक उघडते किंवा झाकते, मधलं काही नाही. पण रीड, म्हणजे वेताची पातळ पट्टी, ओठात धरलेली असते. ओठाचा दाब आणि घशाची पोकळी बदलली की तोच सूर बराच खाली ओढता येतो आणि मग हळूहळू जागेवर आणता येतो. सनईवाले ओठ आणि बोटं दोन्हींनी हे करतात, सॅक्सोफोनवर बहुतेक भार ओठांवर. गार्बारेकची खूण नेमकी इथे आहे. तो सूर थोडा खालून धरतो, ताणतो, आणि पूर्ण जागेवर आला की कंपाशिवाय तसाच उभा ठेवतो. चाव्यांची बारा घरं समान अंतराची असली तरी त्याचा गंधार तुम्हाला पेटीच्या गंधाराहून जिवंत वाटेल, तो याचमुळे.

वाकड्या मानेचा सोप्रानो तो वापरतो, लहान मुलाच्या खेळण्यातल्या सॅक्सोफोनसारखा दिसणारा. सरळ सोप्रानो लांबून सनईसारखा दिसतो म्हणून त्याने सनईसारखं ऐकू यावं अशी आपली अपेक्षा असते. गंमत म्हणजे सनईची आठवण जास्त येते ती या वाकड्यातून.

प्रश्न : 'रागाज अँड सागाज'मधले उस्ताद फतेह अली खाँ म्हणजे नुसरत फतेह अली खाँ यांचे वडील का? आणि ती रेकॉर्ड कशी आहे? (एक वाचक)

नव्हेत. नुसरत यांचे वडील कव्वाल होते. हे पतियाळा घराण्याचे ख्यालगायक, अमानत अली खाँ यांचे भाऊ, फाळणीनंतर पाकिस्तानात राहिलेले. २०१७ मध्ये गेले. रेकॉर्ड मे १९९० मध्ये ऑस्लोत झाली, १९९२ मध्ये आली. सारंगीवर नाझिम अली खाँ, तबल्यावर शौकत हुसेन, ड्रमवर फ्रान्सचा मानू काचे. साथीला आणखी एक कोवळा आवाज ऐकू येतो, तो दीपिका ठाठाल या मुलीचा. ऑस्लोत जन्मलेली ती खाँसाहेबांची शिष्या तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. पुढे ती दीया खान या नावाने माहितीपटांची दिग्दर्शक झाली.

कशी आहे? खाँसाहेबांचं गाणं भरदार आहे. गार्बारेक राग वाजवायचा आव आणत नाही, हे मला फार बरं वाटतं. राग 'शिकून आलेल्या' परदेशी वादकांची आपल्याला धास्तीच असते, आरोह-अवरोह बिनचूक आणि चलनाचा पत्ता नाही. गार्बारेक गायकाच्या ओळीनंतर दोन-तीन सुरांचं काहीतरी म्हणतो आणि थांबतो. तेवढंच. तरीही मला या रेकॉर्डमध्ये दोन खोल्या दिसतात, मधलं दार उघडं, पण खोल्या दोनच. ड्रम आले की तर आणखीच. आणि कव्हरवर 'राग एक', 'राग दोन' एवढंच छापलंय, हे तर अगदीच खटकतं. 'ऑफिसियम'वर मोरालेसचं नाव छापता, मध्ययुगातल्या पेरोतँचं छापता, मग रागाने काय घोडं मारलं?

तेच शौकत हुसेन पुन्हा भेटतात 'मदार'मध्ये. ध्वनिमुद्रण १९९२, प्रकाशन १९९४. तिथे तिघेच आहेत, गार्बारेक, ट्युनिशियाचा ऊदवादक अनौआर ब्राहेम आणि तबला. कुणाचंही घर नाही, त्यामुळे यजमान-पाहुणा हा प्रश्न उरत नाही. सुरुवात नॉर्वेच्या एका पारंपरिक धुनेने होते आणि ऊद त्या धुनेत असा शिरतो की ती मुळात कुठली हे विचारावंसं वाटत नाही. शौकत हुसेन इथे इतकं कमी आणि इतकं मोक्याचं वाजवतात! पंजाब घराण्याचा एवढा तयार हात आणि एवढा संयम. पैसे एकाच रेकॉर्डवर घालायचे असतील तर यावर घाला.

प्रश्न : तुम्ही स्वतः ध्वनिमुद्रणात काम केलंय म्हणता. मग हे कसं चालतं तुम्हाला? गार्बारेकचं निम्मं श्रेय इको मशीनचं आहे. तो सगळा भिजलेला आवाज काढून टाका, काय उरतं? (एक चिडलेले वाचक)

काढून टाकून ऐकायची सोय आहे की. १९७० मधलं 'आफ्रिक पेपरबर्ड' लावा. त्यात तो तेवीस वर्षांचा आहे, गिटारवर तेरये रिप्दाल, बासवर आरिल्ड अँडरसन, ड्रमवर योन ख्रिस्टेन्सेन. तिथे भिजलेलं काही नाही. टेनर किंचाळतो, खरवडतो, गुरगुरतो. गंमत अशी की या ध्वनिमुद्रणाची सुरुवात ऑस्लोबाहेरच्या एका कलासंग्रहालयात झाली होती, आणि तिथे आवाज फार घुमतो म्हणून सगळ्यांना उचलून स्टुडिओत न्यावं लागलं. तिथे यान एरिक कोंग्सहाउग हा ध्वनिमुद्रक भेटला आणि पुढची कित्येक वर्षं आयशर, कोंग्सहाउग आणि ऑस्लो हे समीकरण बसलं.

आता तुमच्या मुद्द्याकडे. आवाजाला शेपूट लावायचं यंत्र आमच्याकडेही होतं, आणि बेसूर गाणाऱ्याला त्याच्यामागे लपवलेलं मी पाहिलंय. लपतं मात्र थोडंच. सूर डगमगत असेल तर शेपटासकट डगमगतो, आधीचा चुकलेला सूर पुढच्या बरोबर सुरावर लोंबकळत राहतो आणि दोन्ही घाण होतात. लांब शेपूट फक्त त्याला परवडतं ज्याचा सूर पहिल्या क्षणापासून जागेवर आहे आणि जो घाई करत नाही. गार्बारेक शेपूट ऐकत वाजवतो. आधीचा सूर हवेत असतानाच त्याच्याशी जुळेल असा पुढचा लावतो. म्हणजे एकटा माणूस दोन सुरांत बोलतो. सांक्ट गेरोल्डला तर यंत्राचा प्रश्नच कमी होता, तिथे भिंतीच तसल्या.

तुमचं एक मात्र खरं. ऐंशीच्या दशकातल्या काही रेकॉर्डवर सिंथेसायझरचा गालिचा आणि वर तो घुमारा असं दुहेरी अंथरूण होतं, तेव्हा मीही कंटाळते. १९७७ ची 'दिस' त्या मानाने बघा. सागरकिनाऱ्यावर वाऱ्याने वाजणारी एक तारांची पेटी उभी केली होती, तिचा आवाज खाली, वर राल्फ टाउनरची बारा तारांची गिटार आणि सॅक्सोफोन. वारा कमी-जास्त होतो तसा खर्ज बदलतो. तानपुरा कुणी छेडत नाही, तो आपला आपण वाजतोय. तिथे तुम्हाला घुमाऱ्याची तक्रार करता येणार नाही.

प्रश्न : अमेरिकेतले लोक म्हणतात हे जॅझच नाही. तुमचं काय मत? (एक वाचक)

रेडिओवर जॉन कोल्ट्रेनचं 'काउंटडाउन' ऐकून ज्या चौदा वर्षांच्या मुलाने सॅक्सोफोन हातात यायच्या आधीच पुस्तकावरून बोटांचा सराव सुरू केला, ज्याला पुढे जॉर्ज रसेलसारख्या अमेरिकन संगीतकाराने आपल्या संचात घेतलं, ज्याने पियानोवादक कीथ जॅरेटबरोबर न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये १९७९ साली वाजवलं, त्याला जॅझ येत नाही असं कोण म्हणेल? जॅरेटचा तो युरोपीय चौकडा, म्हणजे जॅरेट, गार्बारेक, पाले डॅनिएल्सन आणि ख्रिस्टेन्सेन, माझ्या मते सत्तरच्या दशकातल्या सर्वोत्तम संचांपैकी एक. १९७४ ची 'बिलाँगिंग' ऐका. त्यातलं एक गाणं अमेरिकेच्या स्टीली डॅन या बँडने आपल्या १९८० च्या 'गाउचो'त जवळजवळ उचललं. जॅरेटने दावा ठोकला आणि श्रेयात त्याचं नाव आलं. सुरुवातीची टेनरची सुरावट दोन्हींकडे ऐकून बघा, वकिलाची गरज पडणार नाही.

आज तो जे वाजवतो त्याला जॅझ म्हणावं की नाही, यात मला रस नाही.

प्रश्न : ती गुराख्याच्या हाकेसारखी सुरावट त्याच्यात कुठून आली? नॉर्वेच्या रक्तातच असेल! (लोकसंगीत जमवणारी एक वाचक)

रक्ताचं सोडा. त्याचे वडील पोलंडचे, युद्धकैदी म्हणून नॉर्वेत आले आणि तिथेच राहिले. १९४७ साली मिसेन गावी जन्मलेला हा मुलगा पहिली सात वर्षं कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. ज्याला जग 'फ्योर्डचा आवाज' म्हणतं त्याची ही कथा. लोकसंगीत त्याने मुद्दाम शोधलं, आणि शोधायला लावलं ते एका अमेरिकन जॅझवाल्याने. ट्रम्पेटवादक डॉन चेरी ऑस्लोत आला असताना त्याने या पोरांना विचारलं, तुमच्या इथली गाणी का वाजवत नाही?

पुढे ते धागे वाढत गेले. १९८९ ची 'रोसेन्सफोले' तुम्ही ऐकाच. आग्नेस बुएन गार्नोस मध्ययुगीन गीतं गाते, कथागीतं लांबच लांब, एक तर पंधरा मिनिटांच्या पुढे जातं. गार्बारेक इथे पार मागे आहे, सॅक्सोफोनइतकंच लक्ष त्याने तालवाद्यांकडे आणि सिंथेसायझरकडे दिलंय. कडव्यामागून कडवं येतं, चाल तीच, आणि भोवतालचा रंग तेवढा बदलत राहतो. आपल्याकडे ओवी-पोवाडे गाणाऱ्यांच्या मागे वाद्यमेळ बसवणाऱ्यांनी ही रेकॉर्ड समोर ठेवावी. १९९० ची 'आय टुक अप द रून्स' उत्तरेकडच्या सामी लोकांकडे जाते. सुरुवात सामी गायिका मारी बोइने हिच्या 'गुला गुला'ने, आणि एका तुकड्यात इंगोर आन्ते आइलो गाउप याचं योइक गायन, जे शब्दांपेक्षा स्वरांवर आणि अक्षरांवर फिरतं. तुम्ही म्हणता ती हाक तिथे मूळ रूपात सापडेल.

प्रश्न : ब्राझीलबद्दल एका शब्दात सांगून मोकळ्या झालात. (एक वाचक)

'माजिको', १९८०. ब्राझीलचा गिटारवादक एग्बेर्तो जिस्मोन्ती, बासवर चार्ली हेडन आणि गार्बारेक. जिस्मोन्तीची बोटं थांबत नाहीत, हेडन कमीत कमी सूर घेतो, गार्बारेक दोघांच्या मधून जातो. एका शब्दातच सांगायचं तर: घ्या.

प्रश्न : चित्रपटात त्याने वाजवलंय का? (एक वाचक)

ग्रीक दिग्दर्शक थिओ आंगेलोपुलोस यांच्या १९८६ च्या 'द बीकीपर'मध्ये. संगीत एलेनी कराइंद्रू यांचं. कराइंद्रू आणि गार्बारेक यांचं पुढेही जमलं.

प्रश्न : मी सरळ सोप्रानो वाजवतो, आता वाकडा घेतलाय. गार्बारेकसारखा टोन यावा म्हणून कुठला माउथपीस, कुठला इफेक्ट वापरू? (सॅक्सोफोन शिकणारा एक वाचक)

माउथपीस तुमच्या गुरूला विचारा, तुमचे दात आणि जबडा मी पाहिलेला नाही. इफेक्ट सहा महिने बंद ठेवा. तानपुरा काळी पाचला लावा, म्हणजे बोटांचा विचार करावा लागणार नाही. एकच सूर घ्या, कंप न देता, श्वास संपेपर्यंत. मग तोच सूर ओठ सैल करून खाली न्या आणि सावकाश परत आणा. खाली जाताना कोणीही जाईल, परत येताना जागा चुकते. रे आणि ध वर हे जास्त करा, सा-प वर कान आपोआप सावरतो. वरच्या सप्तकात, तळहाताजवळच्या चाव्यांवर सोप्रानो हमखास चढतो. तिथे बोट बरोबर असूनही सूर चुकीचा निघेल आणि तो ओठानेच खाली धरावा लागेल. स्वतःचं वाजवणं फोनवर मुद्रित करा, पण स्वच्छतागृहात नको, तिथे सगळेच गार्बारेक वाटतात. गाद्या-गिरद्या असलेल्या खोलीत करा.